साडेअकरा लाख कुठून आले? नाकारलेल्या विद्यार्थी व्हिसाच्या न्यायालयीन पुनर्विलोकनाचं एक प्रकरण

देवगड तालुक्यातल्या एका हापूस बागायतदाराच्या मुलीचा कॅनडाचा विद्यार्थी परवाना 29 ऑगस्ट 2024 रोजी नाकारला गेला. कोकण कृषी विद्यापीठाची उद्यानविद्येची पदवी तिच्याकडे होती आणि ऑन्टारिओतल्या एका विद्यापीठात अन्नशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला जानेवारीच्या सत्रासाठी प्रवेश मिळाला होता. नकारपत्रात छापील साच्यातली दोन कारणं होती: शिक्षणाला पुरेसा पैसा असल्याची खात्री पटली नाही, आणि कौटुंबिक संबंध पाहता मुदत संपल्यावर ती कॅनडा सोडेल असं वाटत नाही. कुटुंबाची ओळख पटेल असं काही इथे दिलेलं नाही.

मी कणकवलीत महसुली आणि दिवाणी कामं पाहतो. कॅनडाच्या कोर्टात उभं राहण्याचा अधिकार तिथल्या वकिलांना, मला नाही. व्हिसा सल्लागार, अगदी तिथला परवानाधारक असला तरी, त्या कोर्टात पक्षकारातर्फे उभा राहू शकत नाही. माझ्याकडे काम आलं ते इकडचे कागद तिकडच्या वकीलबाईंना समजावून द्यायचं. ते करताना एक गोष्ट इतकी स्पष्ट झाली की हे सगळं लिहून काढावंसं वाटलं: कोर्ट फक्त अधिकाऱ्यापुढे असलेली फाइल वाचतं, आणि आपल्या बागेची कमाई त्या फाइलमध्ये परक्या माणसाला कळेल अशी मांडलेली नसेल, तर कितीही खरी असली तरी कोर्टात तिचा उपयोग नाही.

आधी हिशेब. पहिल्या वर्षाची फी 28,000 कॅनेडियन डॉलर. एकट्या विद्यार्थ्याच्या राहण्या-जेवणासाठी 1 जानेवारी 2024 पासून 20,635 डॉलर दाखवावे लागत होते. (त्याआधी बरीच वर्षं हा आकडा 10,000 होता, 1 सप्टेंबर 2025 पासून तो 22,895 झाला.) दोन्ही मिळून, तेव्हाच्या दराने, जवळपास 30 लाख रुपये, शिवाय विमानभाडं. घरच्यांनी दाखवले साडेएकतीस: 20 लाखांचं मंजूर शैक्षणिक कर्ज आणि वडिलांच्या बचत खात्यात साडेअकरा लाख. म्हणजे खात्यातल्या रकमेवर अधिकाऱ्याचा विश्वास बसला नाही, तर उरलेल्या कर्जात फीच जेमतेम भागते.

आता ते खातं बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांनी बघा. ऑगस्टपासून फेब्रुवारीपर्यंत शिल्लक कधी चाळीस हजार, कधी दीड लाख. मग एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून रकमा येऊ लागतात: 1,84,000, 2,35,000, 96,000. जूनच्या मध्यावर शेवटची, कॅनिंगच्या आंब्याची. त्यानंतर शुकशुकाट. जुलैत व्हिसाचा अर्ज. ज्याने कधी बाग पाहिली नाही त्याला हे खातं अर्जासाठी उसने पैसे फिरवून फुगवल्यासारखं दिसणारच. वडिलांनी मला विचारलं, "सायबानू, आंब्याचो पैसो आंब्याच्या दिवसांतच येतलो ना? मगे खयसून इलो म्हणान काय इचारतत?" प्रश्न बिनतोड आहे, पण तो त्यांनी माझ्यापुढे केला. अधिकाऱ्यापुढे तो कितपत पोचला होता, यावर पुढचं सगळं अवलंबून होतं.

त्यात भर म्हणजे जमा रकमा वाशी मार्केटच्या पट्ट्यांशी, म्हणजे माल विकून देणाऱ्या अडत्याच्या हिशेबाच्या पावत्यांशी, थेट जुळत नाहीत. अडत्या पावसाळ्यानंतर खत-फवारणीसाठी उचल देतो, ती हंगामात वळती करून घेतो. आडत, हमाली, तोलाई, गाडीभाडं पट्टीतच कापलं जातं. पट्टीवर विक्री दिसते एक, बँकेत येते भलतीच, आणि ती कधी दोन-तीन पट्ट्यांची मिळून एकत्र येते. आपल्याकडे हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. कॅनडाच्या फाइलमध्ये ते एका ओळीतही नव्हतं.

आयकराचं तसंच. शेतीचं उत्पन्न तेव्हा लागू असलेल्या 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 10(1) खाली करमुक्त. या घरात पर्यटकांसाठी दोन खोल्या आहेत, त्यांचं उत्पन्न दाखवून वडील विवरणपत्र भरतात. एजंटने जोडली ती त्याची फक्त पोचपावती, आणि पोचपावतीवर करपात्र उत्पन्न दिसतं: 2,90,000. बागेचं उत्पन्न विवरणपत्राच्या आतल्या तक्त्यात होतं, तो तक्ता जोडलाच नव्हता.

तरीही फाइल अगदी रिकामी नव्हती. सनदी लेखापालाच्या दाखल्यात शेतीचं वार्षिक उत्पन्न आणि कलम 10(1) यांचा उल्लेख होता. मुलीने स्वतः लिहिलेल्या पत्रात एक परिच्छेद होता: वडिलांचं उत्पन्न एप्रिल ते जून या काळात येतं, बँकेतल्या रकमा आंबा विक्रीच्या आहेत, सोबत व्यापाऱ्याच्या पट्ट्या जोडल्या आहेत. पट्ट्या होत्याही, पण मराठीत, भाषांतराशिवाय. इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर नसलेला कागद अधिकाऱ्याने बाजूला ठेवला, तर त्याला दोष देता येत नाही.

नकारपत्र आलं चतुर्थीच्या तोंडावर. 7 सप्टेंबरला गणपती, मुंबईकर घरी आलेले, घराला रंग चाललेला. कोकणातल्या घरात त्या पंधरवड्यात दुसरं काही हलत नाही, हे मी समजू शकतो. पण कॅनडाच्या 2001 च्या स्थलांतर व निर्वासित संरक्षण कायद्याचं कलम 72 चतुर्थी ओळखत नाही. निर्णय कॅनडाबाहेर झाला असेल तर कळल्यापासून 60 दिवस, कॅनडात झाला असेल तर 15. इथे शेवटचा दिवस 28 ऑक्टोबर. विसर्जन आटोपून मंडळी माझ्याकडे आली तेव्हा मुदतीतला चांगला मोठा तुकडा गेलेला होता.

वडिलांचा पहिला विचार मुंबई हायकोर्टात रिट करायचा होता. ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाल्यापासून रत्नागिरी-सिंधुदुर्गातून हा प्रश्न जास्तच येतो, म्हणून स्पष्ट सांगतो: तसं करता येत नाही. व्हिसा द्यायचा की नाही हा दुसऱ्या देशाच्या सरकारचा सार्वभौम निर्णय, त्यावर हायकोर्टाला रिटचा अधिकार देणारा आपल्या घटनेचा अनुच्छेद 226 चालत नाही. आपल्या पासपोर्ट कार्यालयाने पासपोर्ट अडवला तर हायकोर्ट जरूर आहे, ती गोष्ट निराळी. मुंबईतल्या व्हीएफएस केंद्रावर जाऊन भांडण्यातही अर्थ नाही, कारण ते कागद आणि बोटांचे ठसे घेतात, निर्णय घेत नाहीत. दाद मागायची ती ज्याचा निर्णय त्याच्या कोर्टात, आणि तिथेही देशागणिक वाट वेगळी. अमेरिकेत वकिलातीच्या व्हिसा निर्णयात कोर्टं सहसा हातच घालत नाहीत. 21 जून 2024 रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मुन्योस प्रकरणात हे पुन्हा ठामपणे सांगितलं. ब्रिटनमध्ये नातेवाइकांना भेटायला जाणाऱ्यांचं अपील 25 जून 2013 पासून जवळपास संपलं. मानवी हक्कांचा मुद्दा नसेल तर उरतं ते वरिष्ठ न्यायाधिकरणापुढचं पुनर्विलोकन. खेड-मंडणगडकडच्या ज्या घरांची माणसं तिकडे आहेत त्यांना याची झळ चांगली ठाऊक आहे. या तिघांत कॅनडाचं दार जरा जास्त उघडं आहे.

किती उघडं, तेही सांगायला हवं. तिथलं न्यायालयीन पुनर्विलोकन म्हणजे अपील नाही. कॅनडाचं फेडरल कोर्ट मुलीला व्हिसा देत नाही, आणि तिला व्हिसा मिळायला हवा होता का, हेही ठरवत नाही. ते विचारतं की अधिकाऱ्याने दिलेली कारणं फाइलमधल्या पुराव्याशी जुळणारी, समजण्यासारखी आणि सुसंगत आहेत का. नसतील तर निर्णय रद्द, अर्ज दुसऱ्या अधिकाऱ्याकडे. तो दुसरा अधिकारी पुन्हा नाकारू शकतो. शिवाय आधी कोर्टाची परवानगी लागते, ती मिळाली तरच सुनावणी. दाखल शुल्क फक्त 50 डॉलर, पण वकिलाची फी त्याच्या कैक पट, आणि जिंकलं तरी अशा प्रकरणांत विशेष कारण असल्याशिवाय खर्च मिळत नाही.

कारणं मोजायची फूटपट्टी 19 डिसेंबर 2019 च्या वाविलोव्ह निकालाची. टोरांटोत जन्मलेला मुलगा. आईवडील खोट्या नावांनी राहणारे रशियन हेर निघाले, म्हणून त्याचा नागरिकत्वाचा दाखला रद्द केला गेला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द करण्याचा निर्णय टिकू दिला नाही, आणि त्या निमित्ताने प्रशासकीय निर्णय कसे तपासायचे याची सगळी चौकट नव्याने घालून दिली. आपल्या कामाचे त्यातले दोन मुद्दे. अधिकाऱ्याची कारणं त्याच्यापुढच्या महत्त्वाच्या पुराव्याला उत्तर देणारी हवीत. आणि कारणांत जे नाही ते नंतर सरकारी वकिलाने किंवा न्यायाधीशाने भरून द्यायचं नाही. त्याच्याही आधीचा, 1998 चा सेपेडा-गुतिएरेझ निकाल सांगतो की विरुद्ध बाजूचा पुरावा जितका महत्त्वाचा, तितकं अधिकाऱ्याचं त्यावरचं मौन जास्त बोलतं. त्याने तो पाहिलाच नाही असा निष्कर्ष कोर्ट काढू शकतं.

म्हणून खरी कारणं हाती यायला हवी होती. ती नकारपत्रात नसतात, अधिकाऱ्याने संगणकावर टिपलेल्या नोंदींत असतात. (जुलै 2025 अखेरीपासून बऱ्याच नकारांसोबत या नोंदी आपोआप पाठवायला सुरुवात झाली, तेव्हा ती सोय नव्हती.) कॅनडाच्या माहिती अधिकारात त्या 5 डॉलर भरून मागता येतात, मात्र मागणारा तिथला नागरिक, कायम रहिवासी किंवा प्रत्यक्ष कॅनडात असलेली व्यक्ती लागते. मुलीचा दूरचा चुलतभाऊ तिथे होता, त्याने तिच्या संमतीपत्रावर मागितल्या. ऑक्टोबरच्या मध्यावर आल्या.

सहा-सात ओळी होत्या. वडिलांच्या खात्यात एप्रिल ते जून मोठ्या रकमा जमा, उगम अस्पष्ट. विवरणपत्रातलं उत्पन्न प्रस्तावित खर्चाच्या मानाने कमी. अर्जदार तरुण, अविवाहित, कुणी अवलंबून नाही. कॅनडात नातेवाईक. सर्व बाबींचा विचार करता समाधान झालं नाही, नाकारलं.

लेखापालाच्या दाखल्याचा उल्लेख नाही. मुलीच्या पत्रातल्या परिच्छेदाचा नाही. आंबा हा शब्दसुद्धा नाही.

इथे आमच्या बाजूला खरा आधार मिळाला. अधिकाऱ्याने स्पष्टीकरण वाचून फेटाळलं असतं, समजा लिहिलं असतं की दाखला मोघम आहे, पट्ट्या भाषांतरित नाहीत म्हणून विचारात घेतल्या नाहीत, तर माझ्या मते प्रकरण तिथेच संपलं असतं. पुराव्याचं वजन ठरवणं त्याचं काम, कोर्ट त्यात पडत नाही. पण त्याने उगम अस्पष्ट म्हटलं आणि उगम सांगणाऱ्या दोन इंग्रजी कागदांबद्दल चकार शब्द काढला नाही. कॅनडाच्या स्थलांतर नियमावलीच्या कलम 220 प्रमाणे फी, राहणं आणि प्रवास यांना पुरेसा पैसा आहे का, हाच तर निर्णायक प्रश्न होता, आणि त्याच प्रश्नावर हे मौन होतं.

नात्यांचा मुद्दा त्याहून हलका. कलम 216 प्रमाणे मुदतीअखेर ती परत जाईल का हे पाहायचंच असतं. पण विद्यार्थी बहुतेक तरुण आणि अविवाहितच असतात. एवढ्यावर नाकारायचं तर कुणालाच परवाना मिळायचा नाही, असं फेडरल कोर्टाने वेगवेगळ्या प्रकरणांत बजावलं आहे. दूरचा चुलतभाऊ दिसला, पण आई, वडील, आजी, दहावीतला भाऊ आणि बाग देवगडात आहेत, हे तराजूच्या दुसऱ्या पारड्यात घातलेलं कुठे दिसत नव्हतं.

सरकारी बाजूचं म्हणणं काय असणार, तेही वकीलबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं आणि ते दुबळं नव्हतं. पुराव्याची जबाबदारी अर्जदारावर. अधिकाऱ्याने सगळी फाइल वाचली असं गृहीत धरलं जातं, प्रत्येक कागदाचं नाव घ्यायची गरज नाही. रोज ढिगाने अर्ज निकाली काढणाऱ्याकडून लांबलचक निकालपत्राची अपेक्षा कोर्टही धरत नाही. पुरावा अपुरा वाटला तर अर्जदाराला आधी विचारायचं बंधन नाही. पुरावा खोटा वाटत असेल तरच विचारावं लागतं. 'उगम अस्पष्ट' म्हणजे अपुरा की खोटा, यावर दोन्ही बाजूंनी वाद घालता आला असता. आम्ही तो मुद्दा दुय्यम ठेवला.

मला सर्वांत जास्त धास्ती वेगळ्याच कागदाची होती. सातबारा. तो भाषांतरासह जोडलेला होता आणि त्यावर नऊ नावं होती. आजोबांच्या पश्चात वारसनोंद झाली, तीन काका, दोन आत्या, एका मयत काकांची मुलं. प्रत्यक्ष वहिवाट गेली कित्येक वर्षं ठरलेली, कोणता कातळ आणि कोणती कलमं कुणाची हे झाडागणिक माहीत. पण महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 प्रमाणे वाटप कधी झालंच नाही. कोकणात घराघरांतली हीच कथा आहे. परका माणूस एवढंच विचारेल की नवव्या हिश्श्याच्या जमिनीतून सगळं उत्पन्न एकट्याचं कसं?

अधिकाऱ्याने ते विचारलं नव्हतं. आणि वाविलोव्हमुळे, जे त्याने कारणांत लिहिलं नाही ते सरकारी वकिलांना आता पुढे करता येणार नव्हतं. कोर्टापुरता सातबारा आम्हाला नडणार नव्हता. पण अर्ज परत पाठवला गेला, तर नवा अधिकारी तोच कागद नव्या नजरेने वाचणार होता.

घरच्यांना पटवायला सर्वांत कठीण गेलं ते पुढचं. त्यांनी पट्ट्यांची भाषांतरं करून आणली, अडत्याचं पत्र आणलं, तलाठ्याचा दाखला, बागेचे फोटो, मुलाने मोबाइलवर घेतलेला काढणीचा व्हिडिओसुद्धा. वकीलबाईंनी सगळं बाजूला ठेवलं. पुनर्विलोकनात कोर्ट अधिकाऱ्यापुढे जे होतं तेवढंच पाहतं. नवा पुरावा, मोजके अपवाद सोडले तर, चालत नाही. खरं आहे ते कोर्टाला दाखवायचंच नाही, हे त्या माणसाला किती लागलं असेल ते मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं. तरी नियमाला अर्थ आहे: जे अधिकाऱ्याने पाहिलंच नाही, त्यावरून त्याला चूक कसं ठरवायचं?

मग सरळ नवा अर्ज का नाही? तो स्वस्त होता आणि नवे कागद त्यात घालता आले असते. फाइलमध्ये स्पष्टीकरण मुळातच नसतं, तर मी तोच सल्ला दिला असता. इथे स्पष्टीकरण होतं आणि त्याकडे पाहिलं गेलं नव्हतं. शिवाय जुना नकार नोंदीत तसाच राहतो आणि पुढच्या प्रत्येक अर्जात सांगावा लागतो.

वेळेची साथही मिळाली. 1 ऑक्टोबर 2024 पासून फेडरल कोर्टाने विद्यार्थी परवान्यांच्या नकारांसाठी एक सोपी प्रायोगिक पद्धत सुरू केली होती. प्रकरण गुंतागुंतीचं नसावं, दोन्ही बाजूंची तयारी असावी, मुदतवाढ मागितलेली नसावी. मग परवानगी आणि मूळ वाद यांचा निर्णय एकदमच, कागदांवर, प्रत्यक्ष सुनावणीशिवाय. एरवी 14 ते 18 महिने लागणारं काम साधारण 5 महिन्यांत व्हावं असा हेतू. मुदतवाढीची अट पाहता 28 ऑक्टोबर चुकवणं परवडणारं नव्हतं. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात अर्ज दाखल झाला.

न्यायाधीशांपर्यंत तो पोचला नाही. डिसेंबरमध्ये सरकारी वकिलांकडून प्रस्ताव आला: तुम्ही अर्ज मागे घ्या, विभाग जुना नकार बाजूला ठेवून दुसऱ्या अधिकाऱ्याकडून नव्याने निर्णय घेईल, अद्ययावत कागद देण्याची संधीही मिळेल. कबुली कशाची नाही, कारण काही दिलेलं नाही. कोर्ट जास्तीत जास्त जे देऊ शकलं असतं, ते विनासायास मिळत होतं. तडजोडीत एकच गोष्ट हातची जाते, ती म्हणजे लेखी निकाल. आंब्याच्या हंगामी उत्पन्नावर एखादा स्पष्ट निकाल झाला असता, तर पुढच्या बागायतदाराच्या वकिलाला तो दाखवता आला असता. मला त्याची रुखरुख वाटली, पण ती रुखरुख पक्षकाराच्या खर्चाने भागवायची नसते.

फेरनिर्णयासाठीच्या कागदांवर मात्र आम्ही मनापासून मेहनत घेतली, कारण आता सगळं दाखवता येत होतं. गाभा होता एक तक्ता. प्रत्येक जमा रकमेसमोर तिची तारीख, पट्टीचे क्रमांक, पेट्या, एकूण विक्री, आडत-हमाली-भाडं, वळती केलेली उचल, आणि शेवटी निव्वळ रक्कम, जी बँकेतल्या आकड्याशी रुपयापर्यंत जुळते. सोबत मागच्या 3 हंगामांची बँक विवरणं, म्हणजे खातं दर एप्रिलला असंच भरतं आणि दर पावसाळ्यात असंच रिकामं होतं हे दिसावं. पूर्ण विवरणपत्र, करमुक्त उत्पन्नाच्या तक्त्यासह. पट्ट्यांची भाषांतरं, भाषांतरकाराच्या शपथपत्रासह. सातबाऱ्यासाठी सगळ्या सहहिस्सेदारांचं शपथपत्र, की अमुक क्षेत्र वडिलांच्या वहिवाटीत आहे आणि त्याच्या उत्पन्नावर इतरांचा दावा नाही. त्या सह्या मिळवायला दोन्ही आत्यांची घरं गाठावी लागली. एका आत्यांना आधी वाटलं की भाऊ जमीन आपल्या नावावर करून घेतोय. त्यांच्या मुलाने मसुदा वाचून दाखवल्यावर सही झाली, पण या एका कागदाने जितका वेळ खाल्ला तितका कॅनडाच्या कोर्टाच्या कोणत्याही पायरीने खाल्ला नाही.

मे 2025 मध्ये पासपोर्ट मागवणारं पत्र आलं. आंब्याच्या कलमांवर माणसं होती, वडील बागेतच होते. विद्यापीठाने जानेवारीची जागा सप्टेंबरला सरकवून दिली होती. बँकेने कर्जमंजुरीची मुदत संपल्यामुळे सगळी फाइल पुन्हा करायला लावली आणि व्याजदर नव्याने लावला. वाया गेलेल्या सत्राची, वकिलाच्या फीची किंवा त्या वाढीव व्याजाची भरपाई मागायला पुनर्विलोकनात जागा नाही.